प्रिंटला टाकण्याआधी फोटो आपणच क्रॉप करावा: मापं, पिक्सेल आणि कडा

आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही सतरा जण एकत्र आलो होतो. मधे खुर्चीवर शाल पांघरलेले आजोबा, शेजारी आजी, मागे काका-आत्या उभे आणि पुढे सतरंजीवर मुलं. फोटो मोबाइलवरच काढला, पण उजेड छान होता आणि सतराही जणांचे डोळे उघडे होते. मी तो तसाच लॅबला पाठवला आणि ‘८ बाय १२’ एवढंच सांगितलं. प्रिंट हातात आली तेव्हा मागच्या रांगेतल्या सगळ्यात उंच काकांचे केस वरच्या कडेने उडालेले होते आणि खाली मुलांच्या पावलांपुढे सतरंजीची मोकळी पट्टी मात्र उरली होती. फाइलमध्ये सगळं होतं, कागदावर नव्हतं.

मोबाइलचा फोटो एका आकाराचा आणि कागद दुसऱ्या आकाराचा असला, की जे बसत नाही ते कुणाला तरी कापावंच लागतं. मी कापलं नव्हतं, म्हणून मशीनने फोटो मधोमध धरून वरून-खालून सारखं कापलं. मशीनला काका ठाऊक नाहीत. कुठून किती कापायचं हे त्या फोटोतल्या माणसांना ओळखणाऱ्यानेच ठरवायला हवं, आणि ते काम पाच मिनिटांचं आहे. त्या पाच मिनिटांत काय काय करायचं, ते आता क्रमाने सांगते.

फोटोचा आकार आणि कागदाचा आकार

बहुतेक मोबाइल कॅमेरे ४:३ या गुणोत्तरात फोटो काढतात. म्हणजे आडवी बाजू ४ भाग असेल तर उभी ३ भाग. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४०३२ × ३०२४ पिक्सेल असतो, तो याच गुणोत्तरातला. डीएसएलआर आणि बहुतेक मिररलेस कॅमेरे मात्र ३:२ मध्ये काढतात. २४ मेगापिक्सेलला साधारण ६००० × ४०००. हे ३:२ आलं ३५ मिमी फिल्मकडून. तिची चौकट ३६ × २४ मिमी, आणि १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ती रूढ केली. म्हणूनच रोल धुवायला टाकायच्या काळात ४ × ६ च्या पोस्टकार्ड प्रिंटमध्ये काही कापलं जात नसे. ६ भागिले ४ म्हणजे दीड, आणि ३६ भागिले २४ म्हणजेही दीड.

मोठ्या बाजूला लहान बाजूने भागायचं, एवढाच हिशेब. फोटोचं आणि कागदाचं उत्तर सारखं आलं तर काहीच कापलं जाणार नाही. उत्तरं एकमेकांपासून जितकी लांब, तितकं जास्त जाणार. लॅबमधली नेहमीची मापं (इंचांत) या हिशेबाने अशी बसतात:

१.५ (३:२): ४ × ६, ८ × १२, १२ × १८, १६ × २४, २० × ३०
१.३३ (४:३): ६ × ८, ९ × १२, १२ × १६, १८ × २४
१.४ (७:५): ५ × ७
१.२५ (५:४): ८ × १०, १२ × १५, १६ × २०
१.२ (६:५): १० × १२

दुसरी ओळ पुन्हा वाचा. आज आपले बहुतेक फोटो मोबाइलचे असतात, आणि तरीही आपण सवयीने ८ × १२ किंवा १२ × १८ मागतो. ती मापं ३:२ कॅमेऱ्यांची. मोबाइलचा पूर्ण फोटो हवा असेल तर ६ × ८, ९ × १२ किंवा १२ × १६ मागा. एखाद्या लॅबच्या दरपत्रकात ९ × १२ नसेल, तर त्याच्या वरच्या मापाच्या कागदावर छापून कापून द्यायला सांगता येतं.

किती जाणार, हे आधी मोजा

माझ्या फोटोचंच उदाहरण घेते. ४०३२ × ३०२४ चा आडवा फोटो ३:२ मध्ये बसवायचा, तर रुंदी तशीच राहते आणि उंची ४०३२ भागिले १.५, म्हणजे २६८८ उरते. ३३६ पिक्सेलची पट्टी जाणार, म्हणजे उंचीचा नववा भाग. मशीनने वरून १६८ आणि खालून १६८ घेतले. १२ इंच रुंदीच्या प्रिंटवर ते दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच भरतं. मागे उभ्या माणसाच्या डोक्यावर तेवढीच जागा असेल, तर काय होतं ते मी पाहिलं.

कॅमेऱ्याच्या फोटोचं दुखणं उलट. ६००० × ४००० चा आडवा फोटो ८ × १० वर टाकला, तर ५००० × ४००० एवढाच उरतो. डावीकडून ५०० आणि उजवीकडून ५०० पिक्सेल जातात, रुंदीचा सहावा भाग. ग्रुप फोटोत या पट्ट्यांमध्ये टोकाची माणसं उभी असतात. लग्नातल्या कुटुंबाच्या फोटोत टोकाला बहुतेक वेळा शेवटी धावत आलेले पाहुणे असतात, आणि प्रिंटमध्ये नेमका त्यांचाच खांदा नसतो. कॅमेऱ्याने काढलेला ग्रुप ८ × १० वर टाकू नये, ८ × १२ वर टाकावा, असं माझं ठाम मत आहे.

माप ठरवताना फ्रेमचा विचार

बाजारातून किंवा ऑनलाइन तयार फ्रेम आणली असेल, तर मापाची निवड संपलीच. फोटो तिच्यात बसवावा लागेल. पण आपल्याकडे जवळपास प्रत्येक गावात फ्रेमवाला असतो. तो पट्टी समोर कापून हव्या त्या मापाची फ्रेम करून देतो. तेव्हा फ्रेम आधी आणि फोटो नंतर, हा क्रम सोडा. आधी फोटो कुठे संपायला हवा ते ठरवा, त्यावरून माप काढा, त्या मापाची प्रिंट घ्या आणि ती घेऊन फ्रेमवाल्याकडे जा.

फ्रेमच्या पट्टीची आतली कड फोटोवर सगळीकडून साधारण ५ ते ६ मिमी चढते. माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लावला तर त्याची खिडकीही फोटोपेक्षा थोडी लहानच कापतात, नाहीतर फट दिसते. शिवाय कडेपर्यंत छापताना लॅबचं मशीन फोटो कागदापेक्षा किंचित मोठा करतं, म्हणजे कडेला पांढरी रेघ राहू नये. त्यात आणखी दोन-तीन मिमी जातात. हे सगळं धरून मी चारही बाजूंनी किमान १ सेंटीमीटर जागा ‘गेली तरी चालेल’ अशी ठेवते. त्या पट्टीत बोटं, पदराचं टोक, कोपऱ्यातली तारीख यातलं काहीही नको.

कॅनव्हास प्रिंटचा हिशेब वेगळा आहे. कापड लाकडी चौकटीवर मागे वळवतात आणि त्या वळणावरही फोटो छापलेला असतो. १२ × १८ च्या कॅनव्हासला चारही बाजूंनी दीड इंच वळण धरलं, तर फाइल १५ × २१ ची लागते. तिचं गुणोत्तर १.५ नाही, १.४ होतं. म्हणून कॅनव्हास करायचा असेल तर वळण किती इंचाचं आणि त्यावर फोटोच येणार की नुसता रंग, हे विचारल्याशिवाय क्रॉप करायला बसू नका.

पिक्सेल पुरतील का?

लॅबच्या प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा नेहमीचा हिशेब. ४ × ६ ला १२०० × १८००, ८ × १२ ला २४०० × ३६००, १२ × १८ ला ३६०० × ५४००. हा हातात धरून पाहायच्या प्रिंटचा आकडा आहे. भिंतीवर लावून चार-पाच फुटांवरून पाहायच्या फोटोला १५० ते २०० सुद्धा पुरतात. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल फोटो ३:२ मध्ये क्रॉप करून १२ × १८ वर टाकला, तर इंचाला २२४ पिक्सेल पडतात. भिंतीसाठी ते उत्तम. तोच २० × ३० वर नेला तर १३४ पडतात. सोफ्यावर बसून पाहाल तर चालेल, जवळ जाऊन चेहरे पाहाल तर मऊ दिसतील.

फाइलच्या माहितीत ‘७२ डीपीआय’ (इंचाला ७२ ठिपके) लिहिलेलं पाहून अनेक जण घाबरतात. तो आकडा नुसती नोंद आहे. एकूण पिक्सेल किती, तेवढंच पाहा. विंडोजमध्ये फाइलवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘डिटेल्स’मध्ये, आणि मोबाइलवर गॅलरीत फोटोच्या माहितीत ते दिसतात.

खरा धोका व्हॉट्सअॅपचा. नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो बराच लहान होतो. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. १२ इंचाला ते १३३ भरतात, आणि त्यातून आणखी क्रॉप केलं तर काही उरतच नाही. ज्याने फोटो काढला त्याच्याकडूनच मूळ फाइल मागा, आणि ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून, ईमेलने किंवा ड्राइव्हच्या लिंकने मागा. लॅबला पाठवतानाही तेच करा.

ग्रुप फोटोतून एकाच माणसाचा चेहरा मोठा करायचा प्रसंग घरोघरी येतो. माणूस गेल्यावर लक्षात येतं, की त्यांचा एकट्याचा चांगला फोटोच नाही. मग कुणाच्या तरी मुंजीतल्या ग्रुपमधून चेहरा आणि खांदे काढायचे. तो तुकडा ६०० × ७५० पिक्सेलचा असेल, तर ८ × १० वर इंचाला ७५ च पडतात आणि डोळे धुरकट होतात. अशा वेळी ४ × ५ ची छोटी प्रिंट घ्या आणि मोठ्या माउंटमध्ये बसवा. हाराला आणि फ्रेमला जागा मिळते, चेहराही खरा राहतो. एआयने फोटो मोठा करून देणारी अॅप्स नसलेला तपशील स्वतःच्या अंदाजाने भरतात. झाडाच्या पानांना ते चालेल. आईच्या डोळ्यांना चालणार नाही. भिंतीवरून रोज आपल्याकडे पाहणारा चेहरा तिचाच हवा, थोडा मऊ असला तरी. घरात तिची जुनी प्रिंट सापडली, तर ती ६०० डीपीआयवर स्कॅन करणं कधीही जास्त चांगलं. ४ × ६ च्या प्रिंटमधून २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात.

आता प्रत्यक्ष क्रॉप

सगळ्यात आधी मूळ फाइलची कॉपी करा आणि कॉपीवरच काम करा. एकाच फोटोची उद्या वेगळ्या मापाची प्रिंट हवी झाली, तर मूळ फोटो शाबूत असायला हवा.

दुसरं, फोटो सरळ करा. क्षितिज, दाराची चौकट, भिंतीची कड यांपैकी काहीतरी सरळ धरून फोटो फिरवा. हे क्रॉपच्या आधीच करायचं, कारण फोटो फिरवला की चारही कोपरे थोडे खाल्ले जातात. आधी काटेकोर क्रॉप करून मग फिरवला, तर मोजून ठेवलेली जागा जाते.

तिसरं, गुणोत्तर बांधून घ्या. मोबाइलवर स्नॅपसीड पुरेसं आहे: ‘टूल्स’मधल्या ‘क्रॉप’मध्ये ३:२, ४:३, ५:४, ७:५ असे पर्याय मिळतात, आणि चौकट आडवी-उभी फिरवताही येते. संगणकावर फुकटातलं गिंप घ्या. शिफ्ट आणि सी दाबलं की क्रॉप टूल येतं. त्याच्या पर्यायांत ‘फिक्स्ड’वर टिक करून ‘अॅस्पेक्ट रेशो’ निवडा आणि शेजारच्या खान्यात ३:२ किंवा थेट १२:८ लिहा. आता चौकट कशीही ओढली तरी तिचा आकार मोडत नाही. ‘फ्री’ क्रॉप करून अंदाजाने कापलेला फोटो लॅबमध्ये हमखास पुन्हा कापला जातो. फोटोशॉपमध्ये क्रॉप टूलच्या यादीत ‘रेशो’ निवडा. तिथेच रुंदी, उंची आणि रिझोल्यूशन एकत्र भरायचा पर्याय आहे. तो क्रॉप करतानाच पिक्सेलची संख्याही बदलतो, आणि लहान तुकडाही कागदोपत्री ३०० चा दिसायला लागतो. आपण फसतो ते तिथेच.

चौथं, चौकट कुठे ठेवायची. यासाठी वेळ द्या, बाकी सगळं यांत्रिक आहे. चौकट आधी जास्तीत जास्त मोठी ओढा आणि मग ती वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवत पाहा. माझ्या फोटोत ३३६ पिक्सेल जाणारच होते, पण वरून १६८ द्यायची काही गरज नव्हती. मुलांच्या पायांपुढे सतरंजीचा मोकळा भाग होता. तिथून २३० घेतले असते आणि वरून १०६, तर डोकी आणि पावलं दोन्ही जेमतेम आत राहिली असती. फ्रेमची कड मात्र त्यांच्यावर चढलीच असती, म्हणून या फोटोला ८ × १२ हे मापच चुकीचं होतं. चौकट सरकवून पाहिली असती तर हे प्रिंटच्या आधीच कळलं असतं.

माणसांच्या फोटोत कड सांध्यावर आणू नका. मनगट, कोपर, गुडघा, घोटा इथे कापलेला फोटो तुटका दिसतो. मांडीच्या मध्यावर किंवा दंडाच्या मध्यावर कापलेला नजरेला खटकत नाही. एकट्या माणसाच्या फोटोत डोळे वरच्या तिसऱ्या भागाच्या रेघेजवळ येऊ द्या, आणि तो ज्या बाजूला पाहतोय तिकडे जास्त जागा सोडा. नऊवारीतल्या बाईचा फोटो उभा असेल तर पावलांपर्यंत घ्या किंवा सरळ कमरेवर थांबा. मधे कुठेही कापलं तर नेसण कळत नाही. फेटा किंवा पगडी असेल तर तुऱ्यासकट जागा मोजा. देवाच्या मूर्तीच्या फोटोत प्रभावळ पूर्ण आली पाहिजे, त्यासाठी बाजूचे समईचे दिवे गेले तरी हरकत नाही.

काहीच कापणं मान्य नसेल, तर पांढरी कड ठेवून पूर्ण फोटो छापा. ४:३ चा फोटो ८ × १२ वर पूर्ण बसवला, तर तो साधारण ८ × १०.७ होतो आणि दोन्ही बाजूंना १७ मिमी पांढरं उरतं. फ्रेमवाल्याकडून ते माउंटखाली झाकून घेता येतं.

फाइल लॅबला देताना

जेपीईजी, क्वालिटी ९५ च्या आसपास, रंगांची पद्धत (कलर स्पेस) एसआरजीबी. आयफोनच्या एचईआयसी फाइल आधी जेपीईजीमध्ये बदला. क्रॉप झाल्यावर फाइल पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह करत राहू नका, दर वेळी थोडा दर्जा उतरतो. फाइलच्या नावातच माप आणि प्रती लिहा: ‘सहस्रचंद्र-९बाय१२-३प्रती’. दहा फोटोंच्या पेन ड्राइव्हवर दुकानातल्या माणसाला एवढीच खूण पुरते.

तोंडी सांगायची वाक्यं दोन. फोटो मापात क्रॉप केलेला आहे, ऑटो-क्रॉप लावू नका. आणि रंग सुधारणा हवी की नको ते स्पष्ट सांगा. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडातला दिवाळीचा फोटो मशीनने ‘सुधारला’ की पणत्यांची ऊब जाते. मोठ्या प्रिंटच्या आधी तीच फाइल ४ × ६ वर काढून पाहा. माप वेगळं असेल तर पूर्ण फोटो पांढऱ्या कडेसह काढायला सांगा. रंग आणि चेहऱ्यांचा उजेड तिथेच कळतो, आणि खर्चही फार येत नाही.

पासपोर्ट साइजचं एक वाक्य इथेच: ३५ × ४५ मिमी म्हणजे ७:९, ३०० च्या हिशेबाने ४१३ × ५३१ पिक्सेल, आणि ४ × ६ च्या एका प्रिंटवर असे आठ फोटो बसतात. चेहरा किती मोठा हवा हे ज्या अर्जासाठी फोटो हवा त्याच्या सूचनांतच पाहा.

प्रिंट घ्यायला जाल तेव्हा लॅमिनेशनला किंवा फ्रेमला देण्याआधी काउंटरवरच चारही कडा पाहा. आधी वरची, मग खालची, मग दोन्ही बाजू. क्रॉप केलेली फाइल मोबाइलवर उघडून शेजारी धरा. लॅमिनेशन एकदा झालं की ती प्रिंट परत सोडवता येत नाही. आजोबांचा फोटो मी दुसऱ्यांदा ९ × १२ वर, काहीही न कापता काढला आणि काउंटरवर उभी राहून मोजला. मागे काकांच्या डोक्यावर बोटभर भिंत होती, आणि पुढे सगळ्यात धाकट्या भाचीच्या पावलांतले पैंजणसुद्धा आले होते.